डावीकडे कमी ऐकू येते

माझी चूक दाखवायला कोणी आलं की माझं डोकं आधी तापतं आणि कान नंतर उघडतात. हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको. बावीस वर्षं मी जळगावात एकाच लॅबमध्ये काम करते. रक्त-लघवीची लॅब नव्हे. आमच्याकडे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, जिभेचे तुकडे, जबडे येतात. डॉक्टर त्यातले निवडक तुकडे कापून देतात. ते मेणाच्या वडीत बसवायचे, वडीचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टर हितेंद्रांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. सूक्ष्मदर्शकात बघून कॅन्सर आहे की नाही, कुठवर गेलाय, हे ते सांगतात. माझ्या काचेवर एक सुरकुती दाखवा म्हणून मी नव्या पोरींशी पैज लावते. अजून तरी कोणी जिंकलेली नाही.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला काउंटरवर एक बाई आली. साठीची असेल. अंगावर लुगडं, डोक्यावर पदर, आणि डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत टाक्यांची लालसर रेघ. ऑपरेशन करून गेलेले पेशंट आमच्या काउंटरवर सहसा येत नाहीत, त्यांचे नातेवाईक येतात. ही स्वतः आली होती, आणि बरोबरचा मुलगा तिच्या दोन पावलं मागे होता. तिने आमच्या लॅबचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट आपटलं.

"हाई कोनी लिखं?"

मी म्हटलं, काय झालं ते आधी नीट सांगा. मग मुलगा पुढे आला. त्याचं नाव स्वप्नील. आईचं नाव भिकुबाई. दोंडाईच्याहून पहाटेच्या पॅसेंजरने आले होते. चोवीस दिवसांपूर्वी धुळ्याला तिचं ऑपरेशन झालं, डावीकडच्या खालच्या जबड्याच्या कॅन्सरचं. मिशरी लावायची सवय तीस वर्षांची. जबड्याचा तुकडा तपासायला आमच्याकडे आला होता आणि रिपोर्ट जाऊनही आठवडा झाला होता.

"रिपोर्ट चांगला आहे मॅडम, त्याचं काही नाही," स्वप्नील म्हणाला. "धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, कापलेल्या तुकड्याचे काठ स्वच्छ आहेत, मानेतल्या गाठी स्वच्छ आहेत, रेडिएशनचा शेक द्यायची गरज नाही, तीन महिन्यांनी दाखवायला या. फक्त ही वरची ओळ. मी घरी वाचून दाखवली आणि तेव्हापासून हिने डोकं खाल्लंय माझं."

ओळ इंग्रजीत होती. रुग्णाच्या तक्रारी या मथळ्याखाली लिहिलं होतं, डाव्या खालच्या जबड्यावर जखम, दोन महिने. डावीकडे कमी ऐकू येते.

"मी बहिरी नही शे," भिकुबाई म्हणाली. बोलताना तिच्या तोंडाची उजवी बाजूच हलत होती. "मना कान चांगला शेतस. चाळीस बायास्वर मुकादम शे मी. बहिरी मुकादमले कोन ठेवस?"

ती मिरचीच्या पथारीवर मुकादम होती. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मोठं मैदान. तिथे बायका दिवसभर देठ खुडतात आणि ही त्यांच्यावर नजर ठेवते. कोणीतरी तिच्या मालकाच्या कानावर घातलं होतं की भिकुबाईच्या कागदावर बहिरी लिहून आलंय. बाईचा राग रास्त होता. पण मी काय कमी आहे?

"हे बघा अक्का," मी म्हटलं, "आम्ही मनाचं काही टाकत नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर जे लिहून येतं तेच वर छापतो. चूक असेल तर ती धुळ्याची. थांबा, फॉर्मच दाखवते."

आणि मोठ्या तोऱ्यात मी कपाटातून फाइल काढली. दोन मिनिटांत तो कागद त्यांच्या नाकासमोर धरायचा आणि अडीचच्या गाडीने त्यांना परत पाठवायचं, असा माझा बेत होता.

फॉर्म सापडला. हॉस्पिटलने नाव लिहिलं होतं, वय लिहिलं होतं, डावा खालचा जबडा एवढं लिहिलं होतं. तक्रारींची जागा कोरी ठेवली होती, जशी ते नेहमी ठेवतात. आणि त्या कोऱ्या जागेत निळ्या पेनने, गोल गोल अक्षरांत, दोन ओळी लिहिलेल्या होत्या. खाली तारीख, त्यापुढे 'फोनवरून, सून' आणि बारीकसं 'को'.

को म्हणजे कोकिळा. म्हणजे मी.

सगळं आठवलं. अर्धे फॉर्म आमच्याकडे कोरेच येतात, आणि मी ते तसे डॉक्टरांपुढे जाऊ देत नाही. नातेवाइकांचा नंबर असला की स्वतः फोन करते. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही, मी अंगावर घेतलंय आणि त्याचा मला फार अभिमान आहे. त्या दिवशी फोन सुनेने घेतला होता. दिपमाला नाव सांगितलं तिने. सासूबाईंच्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, त्यांनाच विचारा, ऑपरेशनच्या आधी आणखी काय काय त्रास होता. थोडा वेळ गेला, आणि सून म्हणाली, "मम्मी खूण करून सांगताहेत, डावीकडे बहिरं झालं होतं. दिवाळीपासून."

मी इथल्याच, जळगावशेजारच्या असोद्याची. आमच्याकडे बहिरा म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. मी लगेच लिहून मोकळी झाले, तेही इंग्रजीत, डॉक्टरांना सोपं जावं म्हणून. रावेरपासून साक्रीपर्यंत कोणीही कसंही बोलो, मला कळतं, असं मी सगळ्या लॅबला ऐकवत असते.

"अक्का," मी आवाज खाली आणून म्हटलं, "तुमच्या सुनेने फोनवर बहिरं झालं होतं असं सांगितलं होतं. काय बहिरं झालं होतं?"

भिकुबाईने डाव्या खालच्या ओठावर बोट ठेवलं. "हाऊ व्हट. हाऊ आरधा व्हट बहिरा व्हई जायेल व्हता. आनि हनुवटी."

स्वप्नील हसायला लागला. "अहो मॅडम, बहिरा म्हणजे बधिर. आमच्याकडे पायसुद्धा बहिरा होतो, मांडी घालून बसलं की. कानाचं कोण म्हणालं?"

दुसऱ्या कुठल्या कामात असते तर मीही हसले असते, आणि आठवडाभर हाच किस्सा सांगत फिरले असते. पण मी हातातला फॉर्म खाली ठेवला.

"ऑपरेशनच्या आधीपासून?" मी विचारलं. "नक्की आधीपासून?"

"दिवाळीपासून. पथारी सुरू व्हयनी तवय बठ्ठ्या बाया व्हट जळस म्हनीसन बोंबलेत. मिरचीना हात लागस ना तोंडले. मना उजवा जळे, डावा नही. चहा पेवू तं आंगवर सांडे, माले समजेच नही."

ऑपरेशननंतर ओठ बधिर होणं वेगळं. कापताना नस जाते, तिथे संवेदना राहत नाही, त्यात नवल नाही. पण सुरी लागायच्या दोन-तीन महिने आधी ओठ बधिर होता. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जबड्याच्या हाडातून येते आणि हनुवटीजवळच्या एका बारीक भोकातून बाहेर पडते. ही रक्ताची नस नव्हे, जाणिवेची. ती आधीपासून गप्प झाली असेल तर तिला काहीतरी चिकटलेलं होतं. तोंडाच्या कॅन्सरला ही खोड आहे. बांधाच्या कडेने हरळी सरकते तसा तो नसेच्या कडेने सरकतो. काठ स्वच्छ, गाठी स्वच्छ, आणि हा आपला नसेला धरून पुढे निघालेला. नस धरलेली असली की दुखणं उलटायची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर लोक अशा वेळी सहसा ऑपरेशनवर थांबत नाहीत, वरून शेक देतात. आणि तो शेक ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत सुरू झाला पाहिजे. चोवीस दिवस गेलेले होते.

आमच्या रिपोर्टात नसेबद्दल ओळ होती, नसेभोवती कॅन्सर आढळला नाही. ती खोटी नव्हती. जेवढे तुकडे घेतले तेवढ्यांत आढळला नव्हता. पण त्या भोकापाशी नस शोधून तिचा वेगळा तुकडा घ्यायला डॉक्टरांना काही कारणच नव्हतं. कारण मी ओठाऐवजी कान लिहून ठेवला होता.

"मग करताय ना ती ओळ दुरुस्त?" स्वप्नील घड्याळ बघत म्हणाला. "अडीचची गाडी मिळेल. एक शिक्का मारून द्या, झालं."

खरं सांगते, ते अगदी सोपं होतं. ओळ बदलायची, नवा कागद छापायचा, हसून निरोप द्यायचा. बाई खूश, मालक खूश. कोणाला कधी कळलं नसतं. हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, आणि आला याची मला आजही लाज वाटते.

"बसा तुम्ही," मी म्हटलं. "चहा सांगते. आज अडीचची गाडी नाही मिळणार."

हितेंद्र डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतात, आणि माझ्या जिभेला थोडे घाबरतात. मी त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तुम्हीच फोन केला होता?"

"मीच. ओठ बधिर होता, मी कान लिहिला."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं, मी त्यांच्या जागी असते तर छत उडवलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बरणी आहे?"

"आहे."

रिपोर्ट गेल्यावरही उरलेला भाग आम्ही महिनाभर फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवतो. मी बरणी आणली, हातमोजे घातले, दिवा ओढला. जबड्याचा तुकडा कापायच्या फळीवर ठेवला. डॉक्टरांनी हनुवटीकडच्या बाजूचं मऊ मांस चिमट्याने अलगद बाजूला केलं. पाच-सात मिनिटांनी त्यांचा हात थांबला. हाडाच्या भोकातून एक पांढरी नस बाहेर आली होती, गोधडीच्या दोऱ्याएवढी जाड. पुढच्या टोकाला मऊ, आणि हाडाकडच्या बाजूला हाताला कडक लागणारी.

"ही आपण घेतलीच नव्हती," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी नसेचे चार तुकडे केले. मी ते जाळीच्या डब्यांत घालून नंबर टाकले. हात धुताना ते म्हणाले, "ताई, काही न सापडो." मीही हो म्हटलं. पण मनात दोन गोष्टी एकदम होत्या. काही सापडलं नाही तर भिकुबाई सुटेल, हे एक. आणि काही सापडलं नाही तर माझी चूक एक विनोद होऊन जाईल, हे दुसरं. यातलं मला जास्त कशासाठी हवं होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

बाहेर येऊन मी त्या दोघांना सांगितलं की नुसती ओळ बदलून भागणार नाही. ओठ आधीपासून बधिर होता, तेव्हा त्या जागची नस वेगळी तपासायला हवी. गुरुवारी कळेल. स्वप्नीलच्या हातातला चहाचा कप खाली आला.

"म्हणजे? काही निघालंय का?"

"निघालं नाही. शोधायचं राहिलं होतं."

"कोणाकडून राहिलं?"

तोंडापर्यंत माझं नाव आलं होतं. "आमच्याकडून," मी म्हटलं.

भिकुबाईने कप बशीवर उपडा ठेवला. "गुरुवारले सांग मंग," ती म्हणाली. "पन कान नीट लिखजो." आणि पदर सावरून उठली. ती दोघं वीस पावलं गेली तरी मला आमच्याकडून हा शब्द जिभेवर जाणवत होता. लहानशी लॅब आमची. त्यातले डॉक्टर निर्दोष, पोरी निर्दोष, सफाईची कमलबाई निर्दोष. मग आमच्याकडून म्हणजे कोण?

बुधवारी मी दुसऱ्या कोणाला त्या तुकड्यांना हात लावू दिला नाही. मेणात मी बसवले, गुरुवारी सकाळी काप मी काढले. बावीस वर्षांचा हात आहे, तो थरथरला नाही. हात माझा कधीच थरथरत नाही, जीभ घसरते. चारही काचा रंगवून वाळवल्या आणि डॉक्टरांसमोर ठेवून तिथेच उभी राहिले. एरवी मी थांबत नाही.

पहिली काच त्यांनी बघून बाजूला ठेवली. दुसरीही. तिसरीवर ते बराच वेळ होते. मग खुर्ची सरकवून म्हणाले, "या, बघा."

आमच्या सूक्ष्मदर्शकाला दोघांनी एकदम बघायची सोय आहे. फिकट गुलाबी, लाटा लाटांची नस गोल कापलेली दिसत होती. तिच्याभोवती जवळजवळ पूर्ण फेरा धरून गडद जांभळ्या पेशी बसल्या होत्या. एके ठिकाणी त्या नसेच्या आतही शिरल्या होत्या. यात शंकेला जागाच नव्हती. बाई तीन महिने जे ओठावर बोट ठेवून सांगत होती, ते काचेवर जसंच्या तसं होतं.

"आहे," मी म्हटलं.

"आहे," ते म्हणाले. "पण ऑपरेशनला आज सव्विसावाच दिवस आहे. वेळ आहे, ताई."

त्यांनी तिथल्या तिथे धुळ्याच्या सर्जनना फोन लावला. मी समोर बसून ऐकत होते. नस सापडली, धरलेली आहे, ऑपरेशनच्या आधीपासून ओठ बधिर होता, शेकाचा विचार करावा लागेल. पलीकडून काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण शेवटी ठरलं की पेशंटला उद्याच बोलवायचं, आणि काचा व नवा रिपोर्ट उद्याच पोचवायचा. कुरियरने नको, माणसाबरोबर. मी म्हटलं, मी जाते.

मग डॉक्टर नवा रिपोर्ट लिहायला बसले. जुना रिपोर्ट बदलायचा तर कारण द्यावं लागतं. त्यांनी लिहिलं, अधिक माहिती मिळाल्यामुळे पुन्हा तपासणी. मी खांद्यावरून वाचलं.

"डॉक्टर, हे नको."

"का? खरंच आहे की. अधिक माहिती मिळाली."

"ती पहिल्या दिवशीच मिळाली होती. मी ती चुकीच्या वाटेला लावली. सरळ लिहा, फोनवर मिळालेली तक्रार नोंदवताना लॅबच्या तंत्रज्ञाची चूक."

"ताई, हा कागद कायमचा राहतो. उद्या कोणी विचारलं तर तुमच्या नावावर येईल."

"येऊ द्या. उद्या धुळ्यातल्या कोणालाही प्रश्न पडायला नको की ओठाचं मधेच कुठून उपटलं. त्यांना कळलं पाहिजे की बाईने आधीच सांगितलं होतं. नाहीतर म्हणतील, ऑपरेशननंतरचं बधिरपण आहे, एवढं काय."

त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं. तक्रारींच्या जागी इंग्रजी ओळीखाली त्यांनी देवनागरीत आणखी एक ओळ टाकली, बाईच्याच शब्दांत: 'आरधा व्हट बहिरा, दिवाळीपासून'. आता आमच्याकडे प्रत्येक फॉर्मवर अशीच नोंद होते. माणूस बोलला ते आधी, जसंच्या तसं. त्याचा अर्थ नंतर, आणि तोही विचारून. हा नियम त्यांचा. पाळून घेणारी मी, आणि पोरी वैतागतात तरी मी पाळून घेते.

शुक्रवारी सकाळी काचांचा डबा मांडीवर धरून मी धुळ्याची बस पकडली. पारोळ्यापर्यंत मनात काय बोलायचं याची उजळणी केली आणि पारोळ्यानंतर ती सोडून दिली. उजळणी करून माफी मागणं मला जमत नाही.

हॉस्पिटलात काचा आणि रिपोर्ट सर्जनच्या हातात दिला. भिकुबाई आणि स्वप्नील आत होते. मी बाहेर बाकाशेजारी उभी राहिले. बसवत नव्हतं. पाऊण तासाने ते बाहेर आले. भिकुबाईच्या हातात कागदांची पिशवी होती. तीस शेक, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, पुढच्या दहा दिवसांत सुरू. चेहऱ्याचं माप आजच घ्यायचं होतं, शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून जो मुखवटा करतात त्यासाठी. ती बाकावर बसली आणि मला म्हणाली, "तू बी उनी का?"

मी तिच्यापुढे उकिडवी बसले. "अक्का, डॉक्टरांनी सगळं सांगितलं?"

"सांगं. नसमा शे." तिने बोट ओठावर नेलं. "मी बरी व्हसू का? तू खरं सांग. डागदरनी मोठमोठलं सांगं, माले समजनं नही."

"खात्री कोणी देणार नाही, अक्का. मीही देत नाही. नस धरलेली असते तेव्हा दुखणं परत यायची भीती जास्त असते. शेक घेतला की ती भीती कमी होते. तोंड सोलवटेल, जेवण जाणार नाही, तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की सोडून द्यावं. सोडायचं नाही. तुमच्या मानेतल्या गाठी स्वच्छ आहेत, काठ स्वच्छ आहेत, आणि वेळेत कळलंय. मी बावीस वर्षं हे बघतेय. तुमच्या जागी मी असते तर उद्यापासून शेक घेतला असता."

"मंग लेसू," ती म्हणाली. एवढंच.

स्वप्नील मात्र रिपोर्ट वाचत उभा होता. ती कारणाची ओळ त्याला सापडली होती. त्याने कागद माझ्यापुढे धरला.

"तंत्रज्ञाची चूक म्हणजे कोणाची? मंगळवारी तुम्ही आमच्याकडून म्हणालात."

मी उठून उभी राहिले. "माझी. फोन मी केला होता, बहिरं हा शब्द मी ऐकला होता, आणि कान मी लिहिला. अक्षरही माझं आहे. मंगळवारी माझी सांगायची हिंमत झाली नाही."

"माझी आई कानाचा डाग पुसायला तीन तास गाडीत बसून आली," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला आणि बाकावरची माणसं बघायला लागली. "नसती आली तर? तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणून आम्ही घरी पेढे वाटले होते. नसती आली तर काय झालं असतं?"

"मला कधीच कळलं नसतं," मी म्हटलं. "आणि तुम्हाला कळलं असतं तेव्हा उशीर झाला असता."

तो काहीतरी बोलणार होता, वाईटच बोलणार होता, आणि ते ऐकून घ्यायला मी पाय रोवून उभी होते. भिकुबाईने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.

"ऊगा राय," ती म्हणाली. "दिवाळीपासून मी बठ्ठास्ले सांगी राहिनू. गावना डागदरले सांगं, आठेबी सांगं, तुले बी सांगं. तू सांगं, मिशरी सोड. बठ्ठा आयकेत आनि चालना गयात. हाई एकलीनी फोन करीसन इचारं, आखो काय तरास व्हता म्हनीसन."

"पण चुकीचं लिहिलं ना तिने," स्वप्नील म्हणाला.

"इचारं तवय चुकनी. बाकीस्ले तं चुकाले बी काही नव्हतं."

स्वप्नीलने रिपोर्ट पिशवीत परत ठेवला. मला तिचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याहून जास्त पळून जावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही. मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि त्या सगळ्या अनोळखी माणसांदेखत रडले. मुखवट्याचं माप घ्यायला आतून तिला हाक आली, तेव्हा ती माझाच हात धरून उठली आणि मला बरोबर आत घेऊन गेली.